बाहेरून लावलेलं कुलूप

दहिवडीच्या आसपास विहिरीवरची मोटर जळाली की माणसं आधी विजेला शिव्या घालत आणि मग मोटर ट्रॉलीत टाकून बेनूमिस्त्रीकडे आणत. जळक्या तारा उपसून नव्या तारेची वेटोळी बसवायची, म्हणजे मोटर भरायची, हे काम तालुक्यात आणखी दोघंतिघं करत होते. पण मिस्त्रीनं भरलेली मोटर पाचपाच वर्षं कुरकुरत नसे. हे नाव सगळीकडे झालं आणि तिथूनच मिस्त्रीची उसंत संपली.

त्याचं पूर्ण नाव बेन्यामिन सायमन झिराडकर. वडील अलिबागेकडचे. एस.टी.च्या कामाला म्हणून या कोरड्या मुलखात आले आणि इथलेच झाले. अख्ख्या माण तालुक्यात यहुद्यांचं हे एकच घर. बेने इस्राएल म्हणजे कोण, ते गावाला कधी नीट कळलं नाही. कुणी त्यांना ख्रिश्चन समजे, कुणी मुसलमान. मिस्त्री कुणाला समजावत बसत नसे. त्याची बायको रूथ मात्र समजावायची. "आमच्या लोकांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे," ती सांगायची. "तेलाचा घाणा चालवायचे, पण शनिवारी बैल सोडून द्यायचे. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो. शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम करायचं नाही. देवाचा हुकूम आहे."

ऐकणारा मान डोलवायचा आणि विचारायचा, "मग मिस्त्री दुकानात कसं?"

रूथ मग चहाचं विचारायची.

मिस्त्रीच्या वडिलांनी शनिवार पाळला होता. त्यापायी त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या वाटणीच्या रविवारच्या, दिवाळीच्या, गणपतीच्या ड्युट्या केल्या. मिस्त्रीला वर साहेब नव्हता, रजा मागायची नव्हती, आणि तरीही बावन्नाव्या वर्षापर्यंत त्याला सलग चार शनिवार मिळाले नव्हते. दुकान आणि घर शेजारी शेजारी, मधे नुसती भिंत. शटर ओढलं तरी शेजारचं घराचं दार वाजायचं. शुक्रवारी संध्याकाळी रूथ डोक्यावरून पदर घेऊन खोबरेल तेलाची वात लावायची, मिस्त्री टोपी घालून किसमिसाच्या शरबताचा पेला हातात घ्यायचा, आणि बाहेरून हाक यायची. "मिस्त्री, हायसा का? दोन तासांचं काम हाय बगा." दोन तासांचं काम कधी दोन तासांत होत नसे. पण समोरच्याच्या तोंडाकडं बघून नाही म्हणणं मिस्त्रीला जमायचं नाही. पेला ठेवून तो उठायचा. रूथ पेल्यावर बशी झाकून ठेवायची.

सन अठ्ठ्याण्णवच्या मार्चमधली एक संध्याकाळ मात्र वेगळी निघाली. त्या शुक्रवारी कुणीच हाक मारली नव्हती. मिस्त्री पेला घेऊन उभा राहिला आणि आशीर्वादाचे हिब्रू शब्द म्हणू लागला. सातव्या वर्षापासून पाठ असलेले शब्द. मध्येच जीभ अडखळली आणि पुढचा शब्द म्हणून तोंडातून निघालं, "एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस."

दिवसभर तो वेटोळ्यांचे फेरे मोजत होता. ते मोजणं आत कुठंतरी चालूच राहिलं होतं.

रूथ हसली नाही. मिस्त्रीनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकला. शेवटी त्यानं पेला खाली ठेवला.

"माझं डोकं दुकानातच राहायला लागलंय," तो जेवताना म्हणाला.

"डोक्याचं काही नाही. दाराचं आहे," रूथ म्हणाली. "दार दिसलं की लोक येणार. लोक दिसले की तुम्ही उठणार."

त्यावरून मिस्त्रीला युक्ती सुचली. शेजारी राजरत्न खरात राहायचे. ते हायस्कुलात शिकवायचे. मिस्त्री त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "सर, दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आमच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचं. शनिवारी चांदण्या दिसल्या की उघडायचं. लोकांना वाटेल, मिस्त्री परगावी गेलाय."

सर त्याच्याकडे बघत राहिले. "आणि तुम्ही दोघं?"

"आम्ही आत."

"निदान एक किल्ली आत ठेवा. काही लागलं सवरलं तर?"

"दोन्ही तुमच्याकडेच राहू द्या. माझ्याकडे असली तर मी उठेन."

"आमच्या माणसांना बंद दारं उघडून घ्यायला पिढ्या लागल्या, मिस्त्री," सर म्हणाले. "आणि तुम्ही बंद करून मागताय." पण कुलूप त्यांनी घेतलं.

पहिल्या शनिवारी दोघंही उत्साहात होती. रूथनं शुक्रवारीच सगळा स्वयंपाक करून ठेवला होता. सकाळी मिस्त्री उशिरापर्यंत खाटेवर पडून राहिला. नऊच्या सुमाराला पहिली पावलं दारापाशी आली. कुणीतरी कुलूप हलवून बघितलं. रूथनं तोंडावर पदर दाबला आणि दोघं लहान पोरांसारखी हसली, पण आवाज न करता.

मग ऊन चढलं. खिडकी उघडायची सोय नव्हती, माणूस दिसला असता. घराला मागचं दार नव्हतं. न्हाणीच्या भिंतीपलीकडे लगेच दुसऱ्याची भिंत. अकराला लाईट गेली आणि पंखा थांबला. दोघं घामानं निथळत बसली. रूथच्या हातून वाटी निसटली तेव्हा दोघंही जागच्या जागी थिजली.

"आत कायतरी वाजलं," बाहेर कुणीतरी म्हणालं.

"मांजर आसंल."

दिवसभरात सात जण आले. दारात थांबून बोलत राहिले. एकजण म्हणाला, मिस्त्री लय माजलाय. दुसरा आपली मोटर कशी गुरगुरून बंद पडली ते सांगत होता, आणि मिस्त्री खाटेवर पडल्या पडल्या मनात म्हणत होता, बेअरिंग गेलंय, वायंडिंग शाबूत आहे, तासाभराचं काम. एरवी त्यानं ते हातानं केलं असतं आणि विसरला असता. आता ते करता येत नव्हतं आणि डोक्यातून जातही नव्हतं.

संध्याकाळी सरांनी दार उघडलं. रूथ आधी बाहेर जाऊन ओट्यावर उभी राहिली.

"मी दिवसभर पाय न वाजवता चालले," ती म्हणाली. "स्वतःच्या घरात. याला विसावा म्हणतात का?"

"सवय होईल," मिस्त्री म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी सर आणि त्यांच्या पत्नी दीपमालाबाई भाचीच्या लग्नाला साताऱ्याला निघाले होते. जाता जाता त्यांनी कुलूप घातलं. "उद्या संध्याकाळच्या गाडीनं येतोच," दाराबाहेरून ते हळू म्हणाले.

शनिवारी सकाळी आठला दारासमोर ट्रॅक्टर थांबला.

"कुलूप हाय," एक पुरुष म्हणाला.

"दिसतंय मला."

बाईचा आवाज मिस्त्रीनं ओळखला. धोंडुबाई, बोरजाईवाडीची सरपंच. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून लोकांनी तिला उभी केली होती. नाव तिचं आणि कारभार आपला, असं त्यांना वाटलं होतं. पण एकदा खुर्चीत बसल्यावर तिनं कारभार कुणाच्या हाती दिला नाही. तिच्याबरोबर ज्ञानू होता, गावच्या टाकीचं पाणी सोडणारा.

"इट्याला जाऊया का?" ज्ञानूनं विचारलं. विट्यातही मोटर भरणारे होते.

"इट्यात कोन वळखतंय आपल्याला? चार दिस मोटर ठिवून घेतील. मिस्त्री येत्यात की, कुटं जात्यात? बस हितंच."

आणि ती पायरीवर बसली. तिच्या बांगड्या दाराच्या फळीवर वाजल्या. मिस्त्री आणि ती यांच्यात फक्त एक दार होतं.

बोरजाईवाडीची ती मोटर मिस्त्रीला माहीत होती. पाच हॉर्सची, गावच्या पिण्याच्या विहिरीवरची. गुरुवारी जळाली, हे धोंडुबाई आणि ज्ञानूच्या बोलण्यातून त्याला कळलं. एप्रिलमध्ये त्या विहिरीचं पाणी साठ फूट खाली जातं. पायऱ्या एका अंगानं ढासळलेल्या. आता बायका पायऱ्यांवर ओळीनं उभ्या राहून हातोहात घागरी वर काढत होत्या.

रूथ त्याच्याकडे बघत होती. मिस्त्रीनं मान हलवली, नाही.

त्यानं मनाशी हिशेब मांडला. विहिरीत पाणी आहे. काढायला अवघड, पण आहे. संध्याकाळी सर येतील, दार उघडलं की लगेच कामाला बसायचं. दहा-बारा तासांनी कुणाचं काही अडत नाही. प्रत्येक शुक्रवारी येणारा माणूस असंच काही सांगतो. एकदा ऐकलं की संपलं.

तो भिंतीकडं तोंड करून पडला. कानात मात्र पायरीवरचा प्रत्येक शब्द पडत होता. ज्ञानूची तंबाखू मळणं, धोंडुबाईचं खोकणं. पुन्हा लाईट गेली. खोली तापली. रूथ पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती. असा तास गेला, मग आणखी थोडा वेळ.

रस्त्यानं जाणारी एक बाई थांबली. "काय गं सरपंच, हितं का बसलीस?"

"बयाबाई व्हय? मिस्त्रीची वाट बगतीया."

"आन् अर्जुनाची पोर कशी हाय?"

"साताऱ्याला न्हेलीया. मांडीचं हाड मोडलंय. पायरीवनं घसरली ती मदल्या कठड्यावर आडाकली म्हनून घावली. खाली पान्यात गेली आसती तर न्हवती घावत. नऊ वर्साची पोर."

"मग आता?"

"आता काय. आज सकाळच्याला दुसऱ्या पोरी उतरल्यात. तहान थांबतीया व्हय?"

मिस्त्री उठून बसला.

वडिलांनी त्याला शब्बाथचे बरेच नियम शिकवले होते, त्यातले निम्मे तो विसरला होता. पण एक पक्का लक्षात होता. जिवाला धोका असेल तिथं शब्बाथ मोडायचा. मोडला तर चालेल असं नाही, मोडलाच पाहिजे. वडील हे सांगताना बोट उगारत.

तो दारापाशी गेला. कडीवर हात ठेवला आणि मग त्याला आठवलं, आतली कडी काढून काही उपयोग नाही. किल्ल्या साताऱ्यात, कुणाच्या तरी लग्नात, सरांच्या खिशात. हाक मारायला हवी होती. फळीला तोंड लावून नुसतं "धोंडुबाई" म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण शब्द फुटेना. आता हाक मारायची म्हणजे दीड तास इथंच होतो हे सांगायचं. पोर पडल्याचं नंतर कळलं, पण बायका त्या ढासळलेल्या पायऱ्यांवर उभ्या आहेत हे तर पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. तो कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. बाहेर जाता येत नव्हतं आणि खाटेकडं परतताही येत नव्हतं.

दाराशेजारच्या खिडकीची फळी उघडल्याचा आवाज झाला. रूथनं माठातून तांब्या भरला होता आणि गजांतून हात बाहेर काढला होता.

"धोंडुबाई, पाणी घ्या."

बाहेर ज्ञानूचं तंबाखू मळणं थांबलं.

"बाई, तुमी आत?"

"आत आहोत. दोघंही."

"मग ह्ये कुलूप कुनी घातलं?"

मिस्त्री खिडकीशी आला. धोंडुबाई उन्हात उभी होती, तांब्या तिनं हातात घेतला होता. त्यानं सांगितलं. शनिवार, देवाचा हुकूम, सरांकडची किल्ली, सगळं. सांगताना ते त्यालाच लंगडं वाटत होतं.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "कवाधरनं ऐकतायसा?"

झोप लागली होती असं म्हणता आलं असतं. रूथ शेजारीच उभी होती.

"तुम्ही आल्यापासून," मिस्त्री म्हणाला.

धोंडुबाई पाणी प्यायली नाही. तांब्या तिनं ज्ञानूच्या हातात दिला. "बरं," ती म्हणाली. "आदी भाईर या."

कुलूप मजबूत होतं. ज्ञानूनं ट्रॅक्टरमधली टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, आणून कोयंड्यात घातली आणि अंग टाकून दाबली. तिसऱ्या दाबाला कोयंडा चौकटीच्या ढलपीसकट निघून आला. मिस्त्री चौकटीबाहेर पडला, कुणाकडं न बघता त्यानं शटर वर ढकललं, आणि मोटर खोलायला घेतली.

जळक्या तारा काढायलाच दुपार झाली. वेटोळी घालताना त्याचे फेरे एकदाही चुकले नाहीत. रूथ त्याच्याशेजारी जमिनीवर येऊन बसली आणि खाचांत घालायचे कागद कापू लागली. "तू राहू दे," तो म्हणाला. "तुमचं लवकर होईल," ती म्हणाली आणि कापत राहिली.

उघडं शटर बघून माणसं यायला लागली. तासाभरात तीन मोटरी दारात आल्या. मिस्त्रीनं वर न बघता सांगितलं, "आज ही एकच. बाकी काही घेणार नाही." एकानं आवाज चढवला, सकाळपासून फिरतोय म्हणाला. मिस्त्रीचे दोन्ही हात तारेत अडकलेले होते, त्यामुळं असेल, पण त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तो माणूस मोटर घेऊन विट्याला निघून गेला.

धोंडुबाई दुकानाच्या उंबऱ्यात बसून होती. कागद कापणारे रूथचे हात ती बघत होती. मग रूथला म्हणाली, "शनवारी करता काय मंग तुमी?"

"काही नाही. जेवायचं, देवाचं नाव घ्यायचं, घरातल्यांनी एकमेकांशी बोलायचं."

"आन् बोलत हुता का?"

"कुजबुजत होतो," रूथ म्हणाली.

धोंडुबाई हसली नाही. "बेंदराला आमी बैलाच्या खांद्यावर जू ठिवत न्हाई," ती म्हणाली. "कुनी ठिवलंच तर गाव त्येच्या दारात जातंया इचारायला. पर त्या दिशी आमी बैल गोट्यात कोंडून न्हाई ठिवत. धुतूया, रंगवतूया, वाजतगाजत गावातनं फिरवतूया. आज ह्येला सुट्टी हाय हे समद्यास्नी दिसाया पायजे."

मिस्त्रीनं पुढचा दोरा ओढला. तो गाठी मारत होता.

सहा वाजता मोटर चालू करून बघितली. आवाज एकसारखा आला. ज्ञानूनं ती ट्रॉलीत चढवली. धोंडुबाई ट्रॅक्टरवर बसता बसता थांबली आणि मिस्त्रीपाशी परत आली.

"पुन्यांदा आसं आत बसून ऐकू नगासा," ती हलक्या आवाजात म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं.

सर आले तेव्हा अंधारून आलं होतं. उखडलेला कोयंडा बघून ते दारातच थबकले. "चोरी झाली का?"

"नाही. आम्हीच बाहेर आलो," मिस्त्री म्हणाला. सरांनी दोन्ही किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या.

पुढच्या शुक्रवारी कुलूप नव्हतं. शटर खाली होतं, घराचं दार मात्र सताड उघडं, आणि मिस्त्री टोपी घालून आत बसलेला रस्त्यावरूनही दिसत होता. येईल त्याला तो सांगायचा, "आज आमचा शब्बाथ. उद्या चांदण्या दिसल्या की या." काहींना ते पटलं. काही जण कायमचे विट्याला जायला लागले. आणि काही वाद घालायचे.

"बोरजाईवाडीची केलीसा की."

"तिथं पोर पडली होती."

"मग आमच्यातबी कुनी पडल्यावर करचाल का?"

पूर्वी तो सगळ्यांसाठी उठायचा. आता कुणासाठी उठायचं हे दर शनिवारी त्यालाच ठरवावं लागत होतं, आणि ते उठण्याहून जड होतं. शेवटी त्यानं एकच प्रश्न धरला. जो येईल त्याला विचारायचा, "घरात प्यायला पाणी आहे का?" आहे म्हणाला तर बसून राहायचं. नाही म्हणाला तर उठायचं. त्या उन्हाळ्यात तो दोनदा उठला. त्यातला एकजण खोटं बोलला होता, ते नंतर कळलं. तरी प्रश्न त्यानं बदलला नाही.

मे महिन्यातल्या एका शनिवारी पळशीकडचा एक म्हातारा नातेवाइकाच्या जीपमधून मोटर घेऊन आला. जीपवाल्यानं ती नेमकी उंबऱ्यात ठेवली आणि तो निघून गेला. मिस्त्रीनं प्रश्न विचारला. म्हातारा थोडा घुटमळला. मग म्हणाला, "हाय. थोडं हाय."

"थोडं म्हणजे किती?"

"आजच्यापुरतं हाय."

मिस्त्री त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. खरं की भिडेपोटी, कळायला मार्ग नव्हता. रूथनं दोन ताटांच्या शेजारी तिसरं ताट मांडलं. "बसा, काका. जेवून घ्या."

म्हातारा जेवला. जेवताना त्यानं आपल्या थोरल्या मुलाची गोष्ट सांगितली, मुंबईच्या गोदीत असतो तो, चार वर्षांत आलेला नाही. रूथनं अलिबागच्या आपल्या घरामागच्या खाडीची गोष्ट सांगितली, जी मिस्त्रीनंही कधी ऐकली नव्हती. तिघं मोठ्यानं बोलत होती. मिस्त्रीची बोटं अधूनमधून मांडीवर काहीतरी गुंडाळत होती. त्याच्या लक्षात आलं की तो ती थांबवायचा.

"सांच्याला येतू," उठताना म्हातारा म्हणाला.

"या," मिस्त्री म्हणाला.

म्हातारा गेला. मोटर उंबऱ्यातच राहिली; चांदण्या दिसेपर्यंत तिला कुणी हात लावणार नव्हतं. ती ओलांडून रूथ खरकटी ताटं घेऊन बाहेर गेली, आणि ओलांडूनच परत आत आली.